डिकोव्हन स्ट्रीटवरची गाय

१९९७ च्या ऑक्टोबरात शिकागोच्या नगरसेवकांनी एक ठराव मंजूर केला. १८७१ च्या आगीला कॅथरिन ओलिअरी जबाबदार नव्हती आणि तिची गायही नव्हती, असं त्यात अधिकृतपणे म्हटलं होतं. बाईला जाऊन तेव्हा शंभर वर्षं उलटली होती. गाय तर आगीतच गेलेली. ठराव मंजूर झाला, पेपरात हसतखेळत बातम्या आल्या आणि गायीची गोष्ट होती तिथेच राहिली. आजही शिकागो बघायला आलेल्या पाहुण्याला नदीतल्या बोटीवर बसवलं की गाइड दहा मिनिटांत गायीवर येतो. इथल्या शाळेत जाणाऱ्या आपल्या मराठी पोरांना विचारा. आगीत किती माणसं मेली ते सांगता येणार नाही, पण कंदिलाला लाथ मारणारी गाय त्यांनी रंगवलेली असते.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे ती अशी. डिकोव्हन स्ट्रीटवर राहणारी एक आयरिश बाई रात्री गोठ्यात धार काढायला गेली. शेजारी कंदील ठेवला. गायीनं लाथ झाडली, कंदील गवतात कलंडला आणि शिकागो जळालं.

यातला गोठा खरा आहे. रविवार, ८ ऑक्टोबर १८७१, रात्री नऊच्या सुमारास ओलिअरींच्या गोठ्यालाच पहिली आग लागली, याबद्दल वाद नाही. कॅथरिन दुधाचा धंदा करायची. पाच गाई, एक वासरू, एक घोडा आणि दूध पोचवायची गाडी एवढा तिचा पसारा होता. नवरा पॅट्रिक मजुरी करायचा. घराच्या पुढच्या खोल्या मॅक्लॉफ्लिन नावाच्या कुटुंबाला भाड्यानं दिलेल्या होत्या. त्यांच्याकडे त्या रात्री आयर्लंडहून आलेल्या नातेवाइकासाठी मंडळी जमली होती आणि फिडल वाजत होतं. ओलिअरी नवराबायको पोरांसह झोपलेले होते. समोरून डॅनियल सलिव्हन नावाचा लाकडी पायाचा गाडीवान ओरडत आला आणि त्यानं त्यांना उठवलं.

वारा नैऋत्येकडून जोरात वाहत होता. तो आगीला ईशान्येकडे, शहराच्या पोटात घेऊन गेला. मध्यरात्रीच्या आत ठिणग्यांनी नदीची दक्षिणेकडची शाखा ओलांडली. पुढे मुख्य नदीही ओलांडली. आग विझली ती मंगळवारी पहाटे, आणि ती माणसांनी विझवली नाही, पाऊस आला म्हणून विझली. सुमारे तीनशे माणसं गेली, सतरा हजारांहून जास्त इमारती गेल्या, आणि तीन लाख वस्तीच्या गावात एक लाख लोक उघड्यावर आले. जिच्या अंगणात हे सुरू झालं, तिचं घर मात्र वाऱ्याच्या उलट बाजूला असल्यामुळे शाबूत राहिलं. माझ्या मते तिच्या विरुद्धचा सगळ्यात मोठा 'पुरावा' हाच ठरला. गाव राख झालं आणि हिचं घर उभं, हे कोण कसं विसरेल?

माझी आई वाळव्याची. माहेरी-सासरी दावणीला जनावरं होती, हातपाय चालत होते तोवर धारा तिनंच काढल्या. ती इकडे आली तेव्हा मी तिला डिकोव्हन स्ट्रीटला घेऊन गेले. तिथे आता अग्निशमन दलाची प्रशिक्षण संस्था आहे. गोठा होता त्याच जागेवर नव्या जवानांना आग विझवायला शिकवतात. शहराच्या या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी. दारात ज्वाळांसारखं वर वळत गेलेलं ब्राँझचं शिल्प उभं आहे. मी आईला गायीची गोष्ट रंगवून सांगितली. तिनं ऐकून घेतली आणि विचारलं, "किती वाजता म्हणालीस?"

"रात्री नऊला."

"नऊला कुठली धार गं? जनावर बसलेलं असतंय त्या वेळी." मग चालता चालता तिनं एकेक काढायला सुरुवात केली. धारेची वेळ ठरलेली असते, ती टळली तर गाय पान्हा चोरते. दुधाचा धंदा करणारी बाई पहाटे उठणार, ती रात्री नऊपर्यंत धारेची थांबेल कशाला? आणि कंदील कुणी गायीच्या पायाशी ठेवतं का? तो खुंटीला टांगायचा असतो, वैरणीपासून लांब. गाय लाथाडी असेल तर मागचे पाय दोरीनं बांधूनच खाली बसायचं. "पाच गाई पाळणाऱ्या बाईला एवढं कळत नसंल व्हय?" आईच्या दृष्टीनं खटला तिथेच निकाली निघाला. मग तिला चहा हवा होता.

कॅथरिननं चौकशीत साधारण हेच सांगितलं होतं. धारा संध्याकाळीच झाल्या होत्या, साडेआठच्या आत आपण अंथरुणात होतो, कंदील घेऊन गोठ्यात गेलोच नाही. विमा नव्हता. गाई गेल्या, घोडा गेला, गाडी गेली. गोठ्याला आग लावून तिचा काय फायदा होता, हा प्रश्न तेव्हा फार कुणाला पडलेला दिसत नाही.

गायीची गोष्ट पेपरात आली तेव्हा शहर अजून जळत होतं. सोमवारी, ९ ऑक्टोबरला 'शिकागो इव्हनिंग जर्नल'नं छापून टाकलं की बाई धार काढत असताना गायीनं दिवा पाडला. कोणी पाहिलं, कोणी सांगितलं, याचा पत्ता नाही. 'शिकागो टाइम्स' त्याच्याही पुढे गेला. त्यानं कॅथरिनला सत्तरीची, कंबरेत वाकलेली थेरडी करून टाकलं. ती धर्मादाय मदतीवर जगत होती, मदत बंद झाली तेव्हा गावाचा सूड घेण्याची तिनं शपथ घेतली, असंही रचलं. बाई प्रत्यक्षात चाळिशीतली, धट्टीकट्टी, पाच पोरांची आई. कुणाच्या मदतीवर जगत नव्हती, दूध विकून कमावत होती. पण ती आयरिश होती, कॅथलिक होती, गरीब वस्तीत राहणारी होती आणि बाई होती. त्या काळच्या शिकागोतल्या पैसेवाल्या प्रोटेस्टंट मंडळींना आयरिश म्हणजे दारू, घाण आणि भांडणं एवढंच ठाऊक. खापर फोडायला असं आयतं डोकं मिळाल्यावर दुसरं कोण शोधत बसतं!

पोलीस आणि अग्निशमन खात्याच्या मंडळानं नोव्हेंबर-डिसेंबरात चौकशी केली. पन्नासेक साक्षी झाल्या, हजारावर पानं हातानं लिहिली गेली. शेवटी निष्कर्ष असा की, त्या वाऱ्याच्या रात्री एखाद्या धुराड्यातून ठिणगी उडाली की माणसाच्या हातून आग लागली, हे आम्हाला ठरवता येत नाही. म्हणजे बाईला निर्दोषही म्हटलं नाही आणि दोषीही नाही. मला हा निष्कर्ष प्रामाणिकही वाटतो आणि सोयीचाही. प्रामाणिक यासाठी की खरंच कुणाला माहीत नव्हतं. सोयीचा यासाठी की आग कशी लागली यावर एवढा खल झाला, तर ती एवढी का पसरली याचा खल तेवढाच मागे पडला. आणि अग्निशमन खातं तर चौकशी करणाऱ्यांचंच होतं.

कोर्टहाउसच्या मनोऱ्यावर त्या रात्री मथियास शॅफर नावाचा पहारेकरी होता. आदल्या दिवशी, शनिवारी, शहराच्या पश्चिम भागात एका लाकूड कारखान्यात मोठी आग लागून चार-पाच चौक साफ झाले होते. ती विझवता विझवता जवान रविवार दुपारपर्यंत झुंजत होते. त्यामुळे शॅफरला त्या दिशेला उजेड दिसला तेव्हा आधी वाटलं, कालचेच निखारे असतील. मग ज्वाळा दिसल्या. त्यानं अंतराचा अंदाज बांधला आणि नळीतून खाली तारयंत्रावर बसलेल्या विल्यम ब्राउनला सांगितलं, पेटी नंबर ३४२ ची वर्दी दे (आगीची वर्दी द्यायला गावभर नंबर घातलेल्या पेट्या होत्या). ती पेटी ओलिअरींच्या गोठ्यापासून सुमारे मैलभर लांब होती. थोड्या वेळानं शॅफरला आपली चूक कळली. त्यानं पुन्हा नळीत तोंड घातलं, नंबर बदलून दे म्हणाला. ब्राउननं नकार दिला. एकदा दिलेली वर्दी बदलली तर गोंधळ होईल आणि बंब त्या वाटेनं जाताना आग दिसेलच, असं त्याचं म्हणणं. त्याच्या आधी वस्तीतल्याच एका औषधाच्या दुकानातल्या पेटीवरून वर्दी द्यायचा प्रयत्न झाला होता म्हणतात, तीही कोर्टहाउसपर्यंत पोचली नाही. जो बंब पहिला पोचला, त्या 'लिटल जायंट'च्या जवानांनी आग स्वतःच्याच ठाण्यावरून पाहिली होती. बाकीचे बंब भलतीकडे धावत होते.

धावायला तरी किती होते? तीन लाखांच्या गावाला सतराच्या आसपास वाफेचे बंब आणि दोनशेपेक्षा कमी जवान. तेही शनिवारच्या आगीनं डोळे सुजलेले, काही बंब दुरुस्तीला टेकलेले. अग्निशमन प्रमुख रॉबर्ट विल्यम्स जास्त बंब आणि जास्त नळ मागत होता, कारभारी पैसे नाहीत म्हणत होते. पहाटे तीनच्या सुमारास पाणीपुरवठ्याच्या पंपघरावरच जळकी फळी येऊन पडली, छप्पर पेटलं आणि शहराचं पाणी बंद झालं. पंपघराशेजारचा तो चुनखडीचा जलमनोरा मिशिगन अव्हेन्यूवर अजून उभा आहे, लोक त्याच्यापुढे फोटो काढतात.

आणि लाकूड. शिकागो म्हणजे लाकडाचाच बाजार. घरं लाकडाची, फूटपाथ शेकडो मैल लाकडी फळ्यांचे, मुख्य रस्त्यांवरसुद्धा डांबरात बुडवलेले लाकडी ठोकळे बसवलेले. दगडी दिसणाऱ्या इमारतींना पुढे दगडाचा मुखवटा आणि मागे सगळं लाकूड, वर डांबरी छप्पर. गाव भराभर वाढत होतं, जागा विकल्या जात होत्या, बांधून मोकळं व्हायची घाई होती. उन्हाळ्यापासून पाऊस जवळजवळ नव्हताच. 'शिकागो ट्रिब्यून'नं आगीच्या महिनाभर आधीच लिहिलं होतं की ही देखणी बांधकामं म्हणजे निव्वळ दिखावा आहे, पेटली तर बघायला नको. ट्रिब्यूनची स्वतःची इमारत 'आगीत न जळणारी' म्हणून प्रसिद्ध होती. तीही जळाली.

अशा गावाला आग लागायला गाय कशाला हवी? त्या वर्षी शिकागोत आगी लागतच होत्या. कुठल्या तरी एका ठिणगीला वारा मिळणार होता, तो डिकोव्हन स्ट्रीटवरच्या ठिणगीला मिळाला.

त्याच रात्री उत्तरेला विस्कॉन्सिनच्या जंगलात पेश्टिगो नावाचं गाव जळालं. त्या भागात मेलेल्यांचा आकडा साधारण बाराशे ते अडीच हजार सांगतात. अमेरिकेच्या इतिहासातली सगळ्यात जास्त माणसं मारणारी ती आग. पण तारा जळाल्यामुळे बातमी उशिरा निघाली आणि तोवर पेपर शिकागोनं भरले होते. सामुदायिक दफनभूमीत साडेतीनशे माणसं एकत्र पुरली, कारण ओळख पटवायला नातेवाईकही उरले नव्हते. एक गोष्ट मला नेहमी थांबवते. पेश्टिगोतला लाकडाचा मोठा कारखाना विल्यम ऑग्डनच्या मालकीचा होता, आणि हा ऑग्डन म्हणजे शिकागोचा पहिला महापौर. जंगल तोडायचं, फांद्या-ढलप्या तिथेच सुकायला टाकायच्या, लाकूड शिकागोला पाठवून त्याचं गाव बांधायचं. एका रात्रीत जंगलही गेलं आणि गावही. पेश्टिगोला कुठली गाय नव्हती, म्हणून त्याची गोष्टही नाही.

दोन्ही आगी एकाच रात्री, शिवाय मिशिगनमध्ये हॉलंड आणि मॅनिस्टीही जळाली, हे पाहून काहींनी कारण आभाळात शोधलं. इग्नेशियस डॉनेली या राजकारणी लेखकानं १८८३ मध्ये सिद्धांत मांडला की बीला धूमकेतूचे तुकडे पृथ्वीवर पडले आणि आगी लागल्या. शास्त्रज्ञ सांगून थकले की उल्का जमिनीवर पोचेपर्यंत आग लावण्याएवढी तापलेली नसते. हा सिद्धांत अजूनही अधूनमधून उगवतो. वाळलेलं जंगल आणि सोसाट्याचा वारा हे कारण फारच साधं असतं ना!

दुसरी एक कथा त्या वर्षाच्या राजकारणातून आली. पॅरिस कम्यून, म्हणजे पॅरिसमधल्या कामगारांचं बंड, चिरडून जेमतेम चार-पाच महिने झाले होते. 'शिकागो टाइम्स'नं ऑक्टोबरच्या अखेरीस एका कम्युनिस्टाचा कबुलीजबाब छापला. पॅरिसहून आलेल्या गुप्त संघटनेनं श्रीमंतांना धडा शिकवायला शहर पेटवलं, असं त्यात होतं. कबुलीजबाब बनावट होता. पण पाहा, थेरडीचा सूड आणि कम्युनिस्टांचा सूड, दोन्ही एकाच पेपरात आणि एकाच महिन्यात. कुठला खरा याची संपादकाला फिकीर नसावी, दोन्ही खपत होते.

मायकेल अहर्न नावाच्या बातमीदारानं बऱ्याच वर्षांनी सांगितलं की गायीची गोष्ट आम्ही दोघा-तिघांनी मिळून रचली. झालं, तेव्हापासून सगळीकडे 'बातमीदारानं कबुली दिली' असं लिहिलं जातं. पण अहर्न 'शिकागो रिपब्लिकन'चा माणूस. गायीची बातमी दुसऱ्याच पेपरात आग चालू असतानाच येऊन गेली होती. त्यामुळे मला ही कबुलीसुद्धा थोडी बढाईच वाटते. एवढी गाजलेली थाप आपली आहे, असं म्हातारपणी कुणाला म्हणावंसं वाटणार नाही?

पुढे लुईस कोन नावाच्या एका व्यापाऱ्याचं नाव आलं. १९४२ मध्ये तो वारला आणि त्याच्या देणगीतून नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या पत्रकारितेच्या शाळेला पैसे मिळाले. तेव्हा सांगण्यात आलं की त्या रात्री पोरं गोठ्यात जुगार खेळत होती, कोन त्यांच्यात होता आणि कंदील त्यांच्याकडून पडला. आणि अगदी अलीकडे, रिचर्ड बेल्स नावाच्या वकिलानं चौकशीची ती हजारावर पानं आणि जमिनींचे जुने नकाशे ताडून पाहिले आणि बोट सलिव्हनकडे दाखवलं. सलिव्हन म्हणतो तिथे तो बसला असता तर मधल्या घरामुळे त्याला गोठा दिसलाच नसता. लाकडी पायावर तो एवढं अंतर धावत जाऊन गोठ्यात शिरला आणि वासरू सोडवून बाहेर आला, हेही पटत नाही. कदाचित तोच पाईप ओढत गोठ्यात बसला होता, असा त्यांचा तर्क. १९९७ च्या ठरावामागे बेल्स यांचंच संशोधन होतं.

बेल्स यांचं काम चोख आहे, यात शंका नाही. नकाशावर घर मोजून साक्ष खोटी पाडणं मला कुठल्याही गायीपेक्षा जास्त आवडतं. तरी मन पुरतं तयार होत नाही. आयरिश बाईला सोडवून आपण एका लंगड्या आयरिश गाडीवानाला पिंजऱ्यात उभं केलं, तोही मेलेला, त्यालाही बाजू मांडता येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी हे एकदा झालं, आता दुसरा संन्यासी कशाला? सलिव्हननं पाईप झटकला असेलही. पण त्या पाईपानं मनोऱ्यावरून चुकीची पेटी सांगितली नव्हती.

कॅथरिनचं पुढचं आयुष्य या गोष्टीनं खाल्लं. दरवर्षी ऑक्टोबर आला की बातमीदार दारात हजर. ती त्यांना हाकलायची. फोटो तिनं कधी काढूच दिला नाही, म्हणून आज तिचा म्हणून जो फोटो किंवा चित्र दिसतं ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे. १८९३ मध्ये जे जागतिक प्रदर्शन शिकागोत भरलं, ज्याच्यामुळे विवेकानंदांचं भाषण आपल्याला पाठ आहे, त्या प्रदर्शनात ९ ऑक्टोबरला 'शिकागो दिवस' साजरा झाला. आगीला बावीस वर्षं झाल्याचा दिवस. त्या एका दिवसात सात लाखांहून जास्त माणसं आली, तिकीटविक्रीचा उच्चांक झाला. राखेतून उठलेलं शहर स्वतःचं कौतुक करत होतं आणि कॅथरिन त्याच शहरात जिवंत होती. ती १८९५ च्या जुलैत न्यूमोनियानं गेली. तिचा मुलगा जिम पुढे शिकागोतला मोठा जुगारअड्डेवाला झाला. त्याला मात्र पेपरवाल्यांची अजिबात भीती नव्हती.

आगीनंतर महिन्याभरात निवडणूक झाली. ट्रिब्यूनचा जोसेफ मेडिल 'फायरप्रूफ' नावाच्या पॅनेलवर महापौर झाला आणि शहरात लाकडी बांधकामाला बंदी घालू म्हणाला. १८७२ च्या जानेवारीत उत्तर भागातले जर्मन कामगार मोर्चा घेऊन सभागृहावर गेले. विटांचं घर आम्हाला परवडत नाही, लाकडाचं बांधू दिलं नाही तर जागा विकून जावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही चूक नव्हतं. बंदी अर्धीमुर्धी झाली, लाकडी घरं पुन्हा उभी राहिली. १४ जुलै १८७४ ला शहराच्या दक्षिण भागात पुन्हा आग लागली आणि आठशेच्या आसपास इमारती गेल्या. या वेळी पेपरांना गाय सापडली नाही. विमा कंपन्यांच्या संघटनेनं मात्र कळवून टाकलं की नियम बदलत नाहीत तोवर शिकागोत नवा विमा उतरवणार नाही, आणि कंपन्या खरोखरच गाशा गुंडाळू लागल्या. मग त्याच वर्षी लाकडी बांधकामाची बंदी शहराच्या वेशीपर्यंत लागू झाली.